एकविसावा सेकंद

दातांत धरलेला स्क्रूड्रायव्हर.

सहा कोट, चार रजया, मधे एक स्टूल.

"मागे कुणी डास पाळलाय का?" — संपादिकेचा मेल, विषय: नमुना क्रमांक एक.

एक्केचाळीस मिनिटं.

"कपाटात बसून एकटीच बडबडते. लोकांना मी काय सांगू?" — आई.

सोमवार.

*

नीट सांगते.

मी आवाज विकते. तुम्ही कुठे फोन लावलात आणि एक बाई गोड आवाजात म्हणाली, 'आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा' — तर ती बाई मी. तीन वर्षं मी लोकांना रांगेत उभं करत होते आणि स्वतःही एका रांगेत उभी होते. मला पुस्तक वाचायचं होतं. अख्खं. अकरा तासांची कादंबरी, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत माझ्या आवाजात. शेवटी एका संपादिकेने ती देऊ केली. अट एकच — नमुना स्वच्छ हवा. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही, तर पुस्तक दुसऱ्या कुणाकडे.

माझा स्टुडिओ म्हणजे माझ्या खोलीतलं कपाट. कोट आणि रजया आवाज घुमू देत नाहीत. माइकची वायर कपाटाच्या दारातून टेबलावरच्या कॉम्प्युटरपर्यंत जाते. आणि माझ्या प्रत्येक वाक्यामागे ई-ई-ई... बारीक, हट्टी. माउस हलवला की हा डास आणखी वर चढायचा.

एका सोमवारी मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात फोन लावला.

"हं?" पलीकडून कुणीतरी म्हणालं.

मी डासाची सगळी कहाणी सांगितली. पलीकडे चिडीचूप.

"ऐकताय ना?"

"हं... ऐकतोय. पत्ता सांगा. आत्ता येतो."

नंबर मी 'हं' याच नावाने साठवला.

*

अर्ध्या तासात दारात एक उंच, किडकिडीत माणूस. खांद्याला पिशवी, कानावर पेन्सिल. त्याने कॉम्प्युटरच्या पत्र्याला कान लावला, तान्ह्या बाळाच्या पोटाला लावावा तसा.

"जरा वेळ बोलू नका."

"माझा धंदाच बोलायचा आहे."

"म्हणूनच." मग किंचित हसून, "खोलीची शांतता रेकॉर्ड करू. तीस सेकंद. कुणी हलायचं नाही. नुसत्या शांततेत जे ऐकू येईल, तो आपला चोर."

तीस सेकंद आम्ही हललो नाही. एखाद्या परक्या माणसासमोर तीस सेकंद गप्प बसून बघा कधी. त्याच्या भुवईत धूळ होती. ती पुसायला माझा हात उचलला जातो की काय, अशी मला भीती वाटली.

हेडफोनमध्ये — ई-ई-ई.

"माइक चांगला आहे," तो म्हणाला. "पण माइकचा आवाज आत बोर्डावर जातो, आणि तिथे त्याचे आकडे होतात. त्याच बोर्डावर पंखा, वीज, माउस, सगळ्यांची धावपळ. लग्नघरात बसून अभ्यास केल्यासारखं आहे ते."

"मग उपाय?"

"दोन आहेत. एक — वेगळं साउंड कार्ड, आत बसवायचं. लग्नघरातच, पण वेगळ्या खोलीत. दुसरा — बाहेरचा कन्व्हर्टर. एवढासा डबा असतो. माइक डब्यात लावायचा, डबा कॉम्प्युटरला. आवाजाचे आकडे बाहेरच होतात, आत फक्त आकडे जातात. आकड्यांना पंखा ऐकू येत नाही."

"कोणतं घेऊ?"

"बाहेरचं."

"ते बसवायला तुम्ही याल?"

"छे. तुम्हीच लावाल. पाच मिनिटांचं काम."

"आणि आतलं?"

"त्याला... यावं लागेल. मशीन उघडायचं, कार्ड बसवायचं. एका फेरीत होईलच असं नाही."

मी टेबलाकडे पाहिलं. टेबलावर कॉम्प्युटर आणि एक कप. उरलेल्या जागेत माणूस झोपला असता.

"आतलंच घेते. डबा ठेवायला जागा कुठे आहे?"

त्यानेही टेबलाकडे पाहिलं. पेन्सिल कानावरून काढली, परत कानावर ठेवली.

"बाहेरचं जास्त चांगलं, मॅडम."

"आतलं."

"हं," तो म्हणाला. "पुढच्या सोमवारी येतो. सोमवारी दुकानात गर्दी नसते."

*

दुसरा सोमवार. कार्ड आत गेलं. पण तेवढ्यात पाऊस आला, आणि पावसात शांतता कशी रेकॉर्ड करणार?

"थांबावं लागेल," तो म्हणाला.

"थांबा ना," मी म्हणाले. जरा जास्तच पटकन.

खिडकीच्या पत्र्यावर टपटप, हातात कॉफीचे कप, पुढ्यात उघडा पडलेला कॉम्प्युटर. मी मनात पावसाला म्हणत होते, घाई नाही बाबा, सावकाश.

"एक सांगू?" कपात बघत तो म्हणाला. "गेल्या वर्षी मी तुम्हाला एक्केचाळीस मिनिटं ऐकलं. 'आपण रांगेत आहात.'"

"अरे देवा! आणि फोन ठेवला नाहीत?"

"नाही."

"एवढं काय काम होतं?"

"ते... तिसाव्या मिनिटाला विसरलो."

आई दारातून डोकावली. "झालं का तुमचं?"

"पाऊस थांबायचाय, आई."

"पाऊस केव्हाच थांबलाय," आई म्हणाली आणि निघून गेली.

आम्ही निमूट तीस सेकंदांची शांतता रेकॉर्ड केली. खरखर कमी झाली होती. माउस हलवला की डास मात्र हजर.

तिसरा सोमवार. त्याने कार्ड आतल्या आत दुसऱ्या खाचेत हलवलं, पंख्यापासून लांब. तो स्क्रूड्रायव्हर दातांत धरून गुणगुणत होता. तीस सेकंद शांतता. तो गेल्यावर मी घड्याळाकडे पाहिलं, तर दोन तास झाले होते. एका स्क्रूला.

संपादिकेचा मेल: "डास लांब गेलाय, पण जिवंत आहे. गुरुवारी शेवटची तारीख. दुसरी वाचक तयार आहे."

*

चौथा सोमवार. मी दार उघडलं आणि न ठरवता बोलायला लागले.

"पुस्तक जातंय. तीन वर्षं वाट बघितली, आणि जातंय. आणि चूक माझीच. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, बाहेरचं घ्या म्हणून. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला मी..."

त्याने शांतपणे पिशवीतून एक डबा काढला. जुना, कोपऱ्यात खरवडलेला, एका बटणाची टोपी गायब.

"दुकानातला नाही. माझा आहे. घरी यावरच गाणी ऐकतो."

"मग तुम्ही कशावर ऐकाल?"

"मी... ऐकतोय की."

डबा टेबलावर बसला. माइक डब्यात, डबा कॉम्प्युटरला. खरंच पाच मिनिटं लागली. तेवढा वेळ आमच्यापैकी कुणीच वर पाहिलं नाही.

"शांतता," तो म्हणाला.

सेकंद तीन. आईने भांडं आपटलं नाही, नशीब.

सेकंद नऊ. तो माझ्याकडे बघतोय. मी कपाटाच्या मुठीकडे.

सेकंद चौदा. मूठ काही एवढी बघण्यासारखी नाही.

सेकंद पंधरा. म्हणून मी त्याच्याकडे.

सेकंद तीस.

मी हेडफोन घातले. माउस हलवला. वर, खाली, गोल गोल. काहीच नाही. डास नाही, खरखर नाही. मला हसू फुटलं, आणि मग —

गुळुक्.

"थांबा. एकविसाव्या सेकंदाला काय आहे हे?"

"पाइप असेल."

"या खोलीत पाइप नाही." मी परत लावलं, या वेळी स्पीकरवर. गुळुक्. भलताच स्पष्ट.

त्याचे कान लाल झाले. "मी... आवंढा गिळला."

"का?"

"काहीतरी बोलणार होतो. मग आठवलं, रेकॉर्डिंग चालू आहे."

"आणि मागच्या सोमवारी?"

"तेव्हाही."

"त्याच्या आधी?"

"हं."

"मग मला कधीच कसं ऐकू आलं नाही?"

"आतलं कार्ड होतं ना," तो म्हणाला. "डासाने सांभाळून घेतलं."

मी हेडफोन काढले. "एवढं माहीत होतं, तर बाहेरचंच घ्या म्हणून हट्ट का नाही धरलात?"

"डबा घेतला असतात, तर मला परत बोलावलं असतं?"

"आणि मी आतलं का घेतलं असेल, वाटतं? जागा नव्हती म्हणून?"

त्याने टेबलाकडे पाहिलं. मी टेबलाकडे पाहिलं. मग दोघंही इतके हसलो, की आई काय झालं म्हणून बघायला आली आणि काही न विचारता परत गेली.

"काय बोलणार होतात?"

त्याने माइक ओढला. आवाज तपासताना बोलतात तसं सुरू केलं. "एक... दोन... तीन... तुमचा आवाज तर कुणालाही आवडेल. पण तुम्ही गप्प बसता ना — तीस सेकंद — तेव्हाही मला तुम्हीच..." गुळुक्. "मीही रांगेत आहे. प्रतीक्षा करू का?"

स्क्रीनवरच्या पट्टीवर त्याच्या प्रत्येक शब्दाची टेकडी उमटत होती. शेवटच्या शब्दानंतर सरळ रेघ. वाट बघणारी.

मी वाकले आणि त्याच माइकमध्ये म्हणाले, "रांगेत तू एकटाच आहेस."

*

नमुना बुधवारीच गेला. संपादिकेचा मेल: "डास मेला, अभिनंदन! पुस्तक तुमचं. पण सोबत पाठवलेल्या खोलीच्या शांततेत एकविसावा सेकंद कापलेला दिसतोय. काय होतं तिथे?"

मी लिहिलं: "खासगी."

कापलेला तुकडा मी ठेवून दिलाय. एका सेकंदाची फाइल, नाव 'हं'. कादंबरी अकरा तास चार मिनिटांची झाली. शेवटचं प्रकरण वाचताना तो कपाटाबाहेर जमिनीवर बसून राहिला, न हलता. आई म्हणते, आता बडबडणारी आत, गप्प बसणारा बाहेर, लोकांना सांगायला तेवढं बरं.

डबा अजून टेबलावरच आहे. जागा भरपूर आहे.

आता सोमवारी त्याचं दुकान बंद असतं.