मुठीवरचा चार

शेख मन्सूर यांनी सवयीने रिव्हॉल्व्हरच्या मुठीवर अंगठा फिरवला आणि त्याला काहीतरी टोचलं.

त्या जागी कधीच काही टोचत नसे. तिथे कोरलेलं हिजरी साल त्यांच्या आजोबांच्या आणि वडिलांच्या अंगठ्याने झिजून सपाट झालं होतं. १३३४ हा आकडा घरात सगळ्यांना तोंडपाठ होता, पण डोळ्यांना दिसत नव्हता. आज तो लखलखत होता. वेली त्याच, हरणं तीच, पण हे रिव्हॉल्व्हर त्यांचं नव्हतं.

संध्याकाळच्या आत पोलिसांनी बलदच्या जुन्या बाजारातून ताजुद्दीनला उचललं. जेद्दात हाताने नक्षी कोरणारा सगळ्यांच्या माहितीतला तोच. सोन्याच्या दुकानांत आता फक्त सौदी माणसं ठेवायचा हुकूम निघाला आणि त्याचं काम सुटलं. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपत आला होता. शिवाय रमजानपूर्वी हेच रिव्हॉल्व्हर त्याने शेखसाहेबांच्या बैठकीत बसून चमकवून दिलं होतं. गरजू माणूस, त्यात हातात कसब. पोलिसांना आणखी काय हवं?

विमा कंपनीने रियाधहून सुरैया परकारला पाठवलं. मूळची रत्नागिरीची, तिथल्या ओलाया भागातल्या कचेरीत मौल्यवान वस्तूंची पारख करणारी. तिची जागाही लवकरच जाणार होती. ती जिला मिळणार ती अरवा नावाची तरुण सौदी मुलगी शिकण्यासाठी सोबत होती.

भिंगाखाली साल बघताच अरवा थबकली. शेवटचा आकडा आमचा नाही, असं ती म्हणाली. अरबी चार म्हणजे इंग्रजी तीन आरशात दिसावा तसा. इथे मात्र उभी काठी आणि वर हुकासारखं वळण होतं.

सुरैयाने तो चार लहानपणी शाळेच्या पाटीवर गिरवला होता. उर्दूतला चार.

पोलीस अधिकाऱ्याने हे ऐकून फाइल मिटलीच. ताजुद्दीन उर्दू शाळेतच शिकला होता.

कोठडीत सुरैयाने त्याच्यापुढे तांब्याची पट्टी आणि कोरणी ठेवली. म्हाताऱ्याने पट्टी जवळ ओढली. त्याने कोरणी धरलेला हात जागचा हलवला नाही. पट्टीच डाव्या हाताने तिच्याखाली फिरवत गेला. अरबी चार उमटला.

"चाचा, उर्दू चार कधी कोरलात?"

"गिऱ्हाइकं अरब. उर्दू कोरून कुणाला देऊ?"

अधिकारी हसला. आता तो अरबीच कोरणार, म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणून सुरैया बलदमधल्या जुन्या दुकानात गेली. काउंटरमागे ताजुद्दीनने पूर्वी कोरलेली नमुन्याची पितळी पाटी अजून टांगलेली होती. चार अरबीच होता.

पण एवढ्याने माणूस सुटत नव्हता. दुसऱ्या दिवशी ती शेखसाहेबांच्या घरी पोचली.

त्यांच्या जुन्या हत्यारांच्या संग्रहाची देखभाल शारीककडे होती. श्रीवर्धनचा, इकाम्यावर ड्रायव्हर म्हणून नोंदलेला, अदबीने बोलणारा.

"शारीकभाई, नक्षीकाम जमतं का?"

"नाही आपा. मी गाडीवाला."

"शेखसाहेबांना टोचलं ते नेमकं कुठे?"

त्याने रिव्हॉल्व्हर घेतलं. उजवा अंगठा स्थिर ठेवून डाव्या हाताने मूठ त्याच्याखाली फिरवली आणि साल दाखवलं. सुरैयाने मान हलवली, पुढे काही विचारलं नाही. शेखसाहेबांना तिने एवढंच विचारलं, की याच बनावटीचं दुसरं रिव्हॉल्व्हर घरात होतं का? होतं. मोडकं, बिननक्षीचं, चौथ्या कपाटात पडलेलं. त्यांना त्याचा विसरच पडला होता.

शारीकने किल्ल्यांचा जुडगा काढला. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर कोरलेला कपाटाचा आकडा. कपाट उघडलं. आत रिकामी पेटी होती.

सुरैयाने तो जुडगा त्याच्या हातातून घेतला आणि अधिकाऱ्याला बोलावून घेतलं. सगळे बैठकीत बसल्यावर ती सांगू लागली.

"झिजलेलं साल उतरवून घेता येत नाही. ते स्वतःच्या मनातून कोरावं लागतं, आणि तिथे माणसाची सवय बाहेर येते. या हाताला उर्दू चाराची सवय आहे. ताजुद्दीनचाचांचा हात आयुष्यभर अरबी चार कोरत आला, दुकानातली पाटी अटकेच्या कितीतरी आधीची आहे. शिवाय चौथ्या कपाटापर्यंत ते कधी गेलेच नाहीत. बैठकीतून आले, बैठकीतून गेले. मोडकं रिव्हॉल्व्हर घेऊन त्यावर महिनोन्महिने नक्षी कोरायची तर किल्ली हवी."

तिने चौथ्या किल्लीचा बिल्ला वर धरला. उभी काठी, वर हुकासारखं वळण.

"हे बिल्ले कुणी कोरले, शेखसाहेब?"

शेखसाहेबांना वाटत होतं, बाजारातून आणलेत. त्यांनी शारीककडे पाहिलं.

"मघाशी याने मला साल दाखवलं तेव्हा बोट हललं नाही, रिव्हॉल्व्हर फिरलं. गाडीवाला बोट फिरवतो. कोरणारा वस्तू फिरवतो."

शारीकने बिल्ल्याकडे पाहिलं. मग मराठीतच बोलला, जणू खोलीत सुरैया एकटीच होती.

"आकडा घासून सपाट करायचा राहिला. शेखसाहेब सफरीवरून लवकर परतले."

"पण का?"

"बाप नक्षीकार, मीही तेच शिकलो. पण इथे व्हिसा ड्रायव्हरचा मिळाला. आता तोही खलास, पुढच्या महिन्यात घरी. ते रिव्हॉल्व्हर विकून गावात कारखाना घालणार होतो. ताजुद्दीनला धरतील, असं नव्हतं वाटलं."

"धरल्यावर तरी बोलायचंस."

 अस्सल रिव्हॉल्व्हर शेखसाहेबांच्याच गाडीत, जादा चाकाच्या खळग्यात सापडलं.

ताजुद्दीन सुटला तेव्हा शेखसाहेब स्वतः पोलीस ठाण्यात आले होते. मी तुमचा कफील, म्हणजे इकाम्याचा जामीनदार, व्हायला तयार आहे, माझ्याकडे राहा, असं त्यांनी म्हणून पाहिलं. ताजुद्दीनने मायदेशी, घरी जायची परवानगी मागितली. जाण्यापूर्वी मात्र ती नक्कल एकदा बघू द्या, म्हणाला.

अधिकाऱ्याने ती टेबलावर ठेवली. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि वेलीमागून वेल बघत गेला. अरवा बाहेर गाडी आणायला गेली होती. सुरैया दारात थांबली.

"हात माझ्यापेक्षा चांगला आहे त्याचा," ताजुद्दीन शेवटी म्हणाला. "इतकी वर्षं एकाच शहरात होतो आम्ही. आणि मला ठाऊकही नव्हतं."