नळीतली गोटी

१९५६च्या डिसेंबरात जऊळक्याच्या एका जिनिंगमध्ये हवेतली धूळ मोजायला मी नागपूरहून गेलो, तेव्हा स्टेशनापासूनच माझं डोकं फिरलं होतं. बैलगाडीच्या हादऱ्यांनी यंत्राचा एक स्क्रू ढिला झाला होता आणि गाडीवान विचारत होता, या पेटीत गाणी लागतात का.

जिनिंगचा मालक इंद्रभान. जाड अंगठ्या, त्याहून जाड अक्कल. कापूस साठवायची एक खोली त्याने तीन वर्षं बंद ठेवली होती, कारण मजूर बाया आत पाय ठेवत नव्हत्या. यंदा कापूस अंगणात पडून होता. "सायबाच्या मशीननं हवा चांगली सांगतली, का जातीन मंग मुकाट्यानं," तो म्हणाला.

बायांची मुकादम कस्तुराबाई दाराशी उभी होती.

"तिथं हवा खराब नाही, सायेब. तिथं हवा पुरत नाही."

"एकच ते," मी म्हणालो. अडाण्यांशी वाद घालण्याचा मला पगार मिळत नव्हता.

खोली रिकामी होती. खिडकी नाही. तिपाईवर यंत्र ठेवलं, तोंडाशी पांढरा कागद चापात बसवला. कागदातून हवा ओढायला हाताने फिरवायचा पंप, आणि किती हवा ओढली जाते ते दाखवायला उभी काचेची नळी. तीत एक हलकी गोटी. दांडा फिरवत, स्क्रू पिळत गोटी दहाच्या रेघेवर आणली आणि दहा मिनिटं तिथेच ठेवली. कागद कोरा निघाला. कापसाच्या खोलीत इतका कोरा कागद मी कधी पाहिला नव्हता.

दांडा सोडला. गोटी तळाला बसली.

मग आपोआप वर आली.

दहाच्या रेघेपर्यंत चढली, जरा थांबली, सावकाश उतरली. पुन्हा चढली. वारा असेल. दार लावलं. तरी चढत होती. घड्याळ धरून मोजलं. मिनिटाला सोळा वेळा.

गळती तपासायची रीत सोपी आहे. यंत्राच्या तोंडावर अंगठा दाबायचा.

मी दाबला.

अंगठा आत ओढला गेला. मग सुटला, आणि त्यावर ऊन, ओलसर हवा आली.

यंत्र तिथेच टाकून मी बाहेर पडलो.

"काय निंगालं?" इंद्रभानने विचारलं.

काय लिहिणार? कचेरीतल्या ज्या गाढवांना मी रोज हसायचो, ती मला हसली असती. 'हवा कामास योग्य,' असं लिहून मी सही केली.

"तुमी सोता पाह्यलं ना?" कस्तुराबाईने विचारलं.

"हो."

"मंग जाऊ?"

मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "जा."

ती एकटीच गेली. दार तिच्यामागे आपसूक लागलं. पाच मिनिटांनी ती माझं यंत्र काखेत घेऊन आली. गोटी तळाला निपचित होती.

"काही नाही अंदर. मोकळं हाय," ती म्हणाली. बायांनी टोपल्या उचलल्या.

सकाळची थंडी कडक होती. बोलताना साऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, माझ्याही. कस्तुराबाई वीतभर अंतरावर उभी राहून बराच वेळ माझ्याशी बोलली. तिच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.