नैवेद्याचं बोट

“एकशे बासष्ट!”

विक्रमने साखर तपासायचं मशीन जेवणाच्या टेबलावर आपटलं आणि लाल पेनाने तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरात इतक्या जोरात लिहिला, की कागद फाटला. “उपाशीपोटी एकशे बासष्ट! रात्री काय खाल्लंस, आई?”

“एक भाकर, मेथी, वाटीभर ताक. तुझ्याम्होरंच जेवले की रं...”

“ऐकलंस?” ओट्यापाशी उभी असलेली तेजस्विनी मागे न वळताच नवऱ्याला म्हणाली. “हल्ली मेथी पाकात शिजवून विकत असतील.”

अंघोळ, पूजा आटोपून, पदराला हात पुसत मैनाबाई रोजच्यासारख्या टेबलाशी येऊन बसल्या होत्या आणि रोजच्यासारखंच मुलाच्या हाती बोट दिलं होतं... टोचल्याचं दुःख नव्हतंच. पण पोटच्या पोराच्या डोळ्यांतला तो तिरस्कार त्यांच्या काळजात आरपार जात होता!

“विक्रम, तुझी शप...”

“शपथ घेऊ नकोस!” तो किंचाळला. “या घरात शपथा पुष्कळ झाल्या.”

ते खरं होतं. मैनाबाईंचे मालक गेनबा मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायचे, की गोडाला शिवलो नाही, आणि धायरी फाट्यावर जाऊन पेढे खाऊन यायचे. आधी बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. बावीस वर्षांचा विक्रम बापाला पाठीवर घेऊन ड्रेसिंगला न्यायचा. आणि एकदा... एकदाच, मालकांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलेला पेढ्याचा कागद मैनाबाईंनी घाईघाईने चुलीत सारला होता. घरात भांडण नको म्हणून! दारात उभ्या असलेल्या विक्रमने ते पाहिलं होतं. तो तेव्हा एक शब्द बोलला नव्हता. आता चौदा वर्षांनी बोलत होता, रोज सकाळी, मशीन हातात घेऊन.

तसं पाहिलं तर दुखणं अजून आलेलंच नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी सिंहगड रोडच्या डॉक्टरांनी कागद बघून हसून सांगितलं होतं, “साखर अजून घरात शिरलेली नाही, मावशी. उंबऱ्यावर आहे. आपण तिला तिथूनच परत पाठवू.” जेवायच्या आधी काकडी-टोमॅटो, भात मूठभर, ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, जेवण झालं की वीस मिनिटं चालणं आणि आठवड्यातून दोनदा घरी तपासणी. मैनाबाईंनी एकही गोष्ट मोडली नव्हती. चहातली साखर तर त्यांनी त्याच दिवशी सोडली होती. विक्रमने मात्र दोनदाचं रोज केलं. आणि रोज आकडा वरच! एकशे चाळीस, एकशे छप्पन्न, एकशे एकोणपन्नास...

साखरेच्या डब्याला कुलूप लागलं. आंबे सुनेच्या माहेरी गेले. उरला तो देव्हाऱ्यातल्या चांदीच्या डबीतला गूळ. लग्न होऊन आल्यापासून मैनाबाई रोज सकाळी नखाएवढा गूळ बोटांनी तोडून देवापुढे ठेवत. जेव्हा दारात स्वतःचा ऊस होता तेव्हाही, आणि त्याच उसाच्या जागेवर उभ्या राहिलेल्या या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला आल्यावरही.

“देवाचा गूळ कोण खातं?” एकशे बासष्टच्या त्या सकाळी विक्रमने विचारलंच.

सात वर्षांची राजनंदिनी शाळेचे बूट घालता घालता म्हणाली, “मी खाते, पप्पा. आजी मला देते.”

“शाबास! पोरीलासुद्धा खोटं बोलायला शिकवलंस?”

“माझ्यावर काय बोलायचं ते बोल, पर लेकराला...” मैनाबाईंनी नातीला जवळ ओढलं.

तेवढ्यात तेजस्विनीने मशीनचं पाकीट उचललं आणि झटकलं. दोन-तीन लाल मुंग्या टेबलावर पडल्या. “हे बघ. मशीनलासुद्धा मुंग्या! आई, तुम्ही यालाही भरवता का?”

त्यावर विक्रमने निकाल देऊन टाकला. “रविवारपर्यंत आकडा उतरला नाही, तर स्वयंपाकघर बंद आणि देव्हाराही बंद. पूजा तेजू करील. तू त्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस.”

देव्हारा बंद! एका चोराला घरात वागवावं तसं? मैनाबाई गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. खाली ज्या जागी त्यांची विहीर होती, तिथे आता गाड्या लागल्या होत्या. त्यांना वाटलं, आपण पाप केलं ते चौदा वर्षांपूर्वी. त्याची शिक्षा आता देव हे खोटे आकडे दाखवून देतोय... मग भोगलीच पाहिजे! पोटात काही गेलंच नाही, तर आकडा कुठून चढेल?

गुरुवारपासून त्यांनी रात्रीचं जेवण सोडलं. ताट घेऊन आपल्या खोलीत जायचं, भाकरी धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवायची, रिकामं ताट घासायला आणायचं. शुक्रवारी चालताना जिना फिरल्यासारखा वाटला. शनिवारी हातांना कापरं सुटलं. पण रविवार जवळ आला होता ना! आईच्या शब्दाला किंमत उरली नव्हती. निदान आईच्या रक्ताला तरी असेल...

रविवारी अंघोळ केली. थरथरत्या बोटांनी गूळ तोडला, तो दोनदा हातातून निसटला. देवाला हात जोडले, बोटं पदराला पुसली आणि त्या टेबलाशी येऊन बसल्या. विक्रमने टोचलं.

एकशे एक्क्याहत्तर.

“जा, तूही जा बाबांच्या मागे!” विक्रमचा आवाज फाटला. “मी पुन्हा पाठीवर घेतो एकेकाला! माझा जन्मच त्यासाठी झालाय!”

“आरं, म्या काय बी...” मैनाबाई उठायला गेल्या आणि खुर्चीसकट खाली आल्या.

तेजस्विनी धावली. सासूच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता, ओठ पांढरे पडले होते. “मी यांचा पदर सैल करते, तू पांघरूण आण!” ती ओरडली. विक्रम खोलीत पळाला, ट्रंक उघडली, आणि चादरीबरोबर फडक्यातल्या तीन वाळक्या भाकऱ्या फरशीवर पडल्या. खडखड वाजत!

तो त्या भाकऱ्या हातात घेऊन दारात येऊन उभा राहिला. “ही... ही तीन रात्री जेवलीच नाहीये.”

“मग एकशे एक्क्याहत्तर कसे?” तेजस्विनी म्हणाली. सासूचा हात तिच्या मांडीवर होता. टोचलेल्या बोटावर एक लाल मुंगी चढत होती. तिने ती झटकली. दुसरी आली. तेजस्विनीने ते बोट नाकाशी नेलं आणि तिचा चेहरा पडला.

“गूळ,” ती हळूच म्हणाली. “आई, पूजा झाल्यावर हात धुता का तुम्ही?”

“नैवेद्याचा हात... कुनी धुतं व्हय?” मैनाबाई क्षीण आवाजात म्हणाल्या. “पदराला पुसते.”

अंघोळ करून आलेल्या बाईला हात धुतलेत का, हे दोन महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं! तेजस्विनीने तांब्या आणला, साबणाने हात धुतला, कोरडा केला, दुसऱ्या बोटाला टोचलं. चौऱ्याण्णव.

विक्रमला ते खरं वाटेना. तो ताडताड देव्हाऱ्याकडे गेला, गुळाच्या डबीत बोट घातलं, सदऱ्याला पुसलं आणि स्वतःलाच टोचलं. रात्रीपासून त्याच्याही पोटात काही नव्हतं. मशीनने आकडा दाखवला, दोनशे अकरा.

मग विक्रमने भिंतीवरचं कॅलेंडर ओरबाडून काढलं. दोन महिन्यांचे लाल आकडे... तो ते फाडणार, इतक्यात फरशीवरून आईचा आवाज आला.

“फाडू नगंस.”

“आई, मी तुला काय काय बोललो...”

“बोललास. त्ये म्या इसरनार न्हाई.” मैनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज मात्र थंड होता. “पर तुझ्या बापाचा एक आकडा कुनी लिवला न्हाई, विक्रम. त्यो सांगंल ते खरं मानलं, आन कागद म्या जाळला. माझं तू खोटं का हुईना... रोज लिवलंस. कुनाला तरी मला जगवायचं हाय, येवढं मला त्यातनं कळत हुतं.”

विक्रम तिथेच फरशीवर बसला आणि आईच्या गुडघ्यात डोकं घालून बापाच्या मरणालाही रडला नव्हता तसा रडला. तिने लगेच त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. थोड्या वेळाने ठेवला.

तेजस्विनीने गरम भाकरी, मुगाची उसळ आणि काकडी पुढे आणून ठेवली. नजर वर न करता म्हणाली, “मीही बोलले, आई. खूपच बोलले. आता जेवा, नाहीतर उद्याचा आकडा माझ्या नावावर लागेल.”

विक्रमने कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं, निळं पेन शोधलं आणि रविवारच्या चौकोनात चौऱ्याण्णव लिहिलं. खाली बारीक अक्षरात, पोरीने वहीत लिहावं तसं, आणखी दोन शब्द लिहिले... हात धुऊन.