जहाजाच्या भिंतींची खोली

हेमालीने भिंतीवर बोटं वाजवली ती केवळ सवयीने.

पनवेलच्या एका प्रयोगशाळेत ती कामाला होती. जुनी घरं, जुन्या शेड मोडायच्या आधी त्यांच्या भिंतींत, छपरांत ॲस्बेस्टॉस आहे का हे तपासायचं, त्यासाठी नमुने गोळा करत फिरायचं, हे तिचं काम. त्या दुपारी नागावच्या एका रिसॉर्टच्या छपराचे तुकडे घेऊन ती परत निघाली होती. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. पाऊसही जायच्या बेतात होता, पण नारळीच्या वाडीतून चालताना असा काही आडवा आला की समोर दिसलेल्या पहिल्या घराच्या ओटीवर ती धावतच चढली.

दार उघडं होतं, आत कोणी दिसेना. ओढणी पिळता पिळता तिची नजर आतल्या खोलीच्या भिंतीवर गेली. वरून पांढरा डिस्टेंपर, पण खाली गुळगुळीत तक्ते आणि जोडावर धातूची पट्टी. चिऱ्याची भिंत अशी नसते. ती उंबऱ्याच्या आत गेली आणि तिने एकदा वाजवून पाहिलं… टक.

आतून उत्तर आलं. टक, टक, टक.

पलीकडच्या खोलीत कोणीतरी चेष्टा करतंय असं तिला वाटलं. तिने हसत पुन्हा एकदा वाजवलं. पुन्हा तीन. सावकाश, दमलेल्या माणसाने वाजवावेत तसे.

"कोण आहे?" तिने विचारलं.

"मी तेच विचारणार होतो," मागून आवाज आला.

ती दचकून वळली. विहिरीवरून आलेला एक तरुण नखशिखांत भिजून, हातात बादली घेऊन ओटीवर उभा होता.

"पलीकडे कोण आहे?" हेमालीने विचारलं.

"पलीकडे चिऱ्याची भिंत आहे. आणि तिच्या पलीकडे पाऊस."

तो हसत होता, पण तिचा चेहरा पाहून त्याचं हसू मावळलं. "तुम्हालाही ऐकू आलं तर," तो हळूच म्हणाला.

त्याचं नाव प्रज्योत ठाकूर. न्हावा शेव्याच्या बंदरात तो क्रेन चालवायचा. घर त्याच्या आईचं, चंद्राबाईचं. दिवाळीच्या आधी इथे होमस्टे सुरू करायचा म्हणून परवापासून ही खोली फोडायची होती. हे तक्ते त्याच्या वडिलांनी, शिवदासनी, वीस-बावीस वर्षांपूर्वी आणलेले. ते मुंबईत जुनी जहाजं मोडायच्या कामावर होते. तिथलेच एका जहाजाच्या केबिनचे तक्ते त्यांनी चिऱ्याच्या भिंतींना आतून लावले होते. दाराजवळ रंगाखालून केबिनचा चौदाचा आकडा अजून उमटलेला दिसायचा.

हेमालीने त्याला समजावून सांगितलं, अशा तक्त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. तक्ते न फोडता आहेत तोवर ठीक. हातोडा बसला की डोळ्यांना दिसणार नाही अशी धूळ उडेल, छातीत जाऊन बसेल आणि पंधरा-वीस वर्षांनी आपला हिशोब करेल. "हे कापले कोणी होते?"

"बाबांनीच. या अंगणात, करवतीने. आई म्हणते, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचे." त्याने बादली खाली ठेवली. "सहा वर्षांपूर्वी गेले ते… धाप लागून."



तिने त्याला ओटीवर उभं केलं. स्वतः मास्क चढवला, खाली प्लास्टिक अंथरलं, कोपरा पाण्याच्या फवाऱ्याने भिजवला आणि नखाएवढा तुकडा अलगद काढून घेतला. भोक बुजवलं, तुकडा एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. तो दारातून तिच्या हातांकडे बघत राहिला. तिला ते कळत होतं.

"पिशवीवर काय लिहिता?"

"घराचं नाव, गाव, तारीख. मालकाचं नाव."

"मग नीट लिहा. आईच्या खाली लिहा, मुलगा प्रज्योत, वय एकोणतीस, लग्न झालेलं नाही."

"एवढी जागा नसते पिशवीवर," हेमाली म्हणाली. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर तिचं हसू त्याला दिसलं असतं.

अहवालाला आठ दिवस लागणार होते. तोवर काम थांबवतो, असं त्याने कबूल केलं. मग रोज संध्याकाळी त्याचा मेसेज येऊ लागला. अहवालाची चौकशी एका ओळीत, बाकी दहा ओळी भलत्याच. क्रेनच्या उंचीवरून उरणची खाडी कशी दिसते. आज डब्यात सुकट होती. आणि मधूनच… आज मी वाजवलं नाही, तरी वाजलं. हेमाली कारणं शोधून द्यायची. उन्हाने तक्ते ताणतात, उंदीर असतील, भरतीच्या वेळी जमीन ओलावते. तो प्रत्येक कारण मान्य करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहायचा. चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, संध्याकाळचे सहा वाजले की आपण फोन उलटा ठेवत नाही.

सातव्या दिवशी सकाळी अहवाल तिच्या टेबलावर आला. तक्त्यांत ॲस्बेस्टॉस होता, आणि थोडाथोडका नव्हता. तिने लगेच प्रज्योतला फोन लावला. तो ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. तिने निरोप लिहिला आणि घरचा नंबर फिरवला. चंद्राबाईने उचलला.

"धर्मा आयलाय मानसां घेऊन," ती घाबऱ्या आवाजात म्हणाली. "आजच भित फोरतंय म्हनतो. माजं आयकतच न्हाय."

धर्मा तिचा भाऊ, तोच बांधकामाचं काम करायचा. दुसरीकडचं काम अडलं म्हणून माणसं मोकळी झाली होती, त्यांना घेऊन तो आला होता. हेमालीने त्याला फोनवर बोलावून घेतलं, विनवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की आमच्या गोठ्यावर जन्मभर असलेच पत्रे आहेत, आम्हाला काही झालं नाही. मग फोन बंद झाला.

प्रयोगशाळेची गाडी घेऊन ती निघाली. वडखळपर्यंत ती पुन्हा पुन्हा फोन लावत होती. कोणी उचलत नव्हतं. डोळ्यांसमोर एकच दिसत होतं, त्या बंद खोलीत पांढरी धूळ, आणि तिच्यात उभी असलेली माणसं.

नागावला पोचली तेव्हा चारही मजूर अंगणात, पार फाटकापाशी उभे होते. हातोडे खोलीतच टाकून आले होते. धर्मा फणसाच्या झाडाखाली बसलेला, त्याच्या तोंडाला रंग नव्हता.

त्याने सांगितलं ते असं. पहिल्या माणसाने हातोडा उचलला, आणि तो भिंतीवर बसायच्या आधीच आतून ठोके आले. थांबला की बंद. उचलला की पुन्हा. बहिणीला काही झालं असेल, तीच पलीकडून वाजवत असेल म्हणून धर्मा धावत बाहेर आला, तर चंद्राबाई तुळशीपाशी उभी. मग कोणीच आत गेलं नाही.

"किती ठोके?" चंद्राबाईने विचारलं.

"तीन. परत परत तीन."

ती तुळशीच्या कट्ट्यावर बसली. हेमाली तिच्याजवळ गेली तेव्हा तिने तिचा हात धरला.

"शेवटाला प्रज्योतच्या बापाला बोलाया दम पुरत नव्हता," ती म्हणाली. "खाटेवरना हीच भित वाजवायचा. दोनदा म्हंजे पानी. तीनदा म्हंजे… नको."



भिंतीला हातोडा कुठे लागलाय का, हे बघणं मात्र भाग होतं. मास्क लावून हेमाली एकटी आत गेली. बाहेर लख्ख ऊन होतं, पण खोलीत गारवा होता, ओल्या मिठासारखा. मास्कच्या आत तिचा स्वतःचाच श्वास मोठ्याने ऐकू येत होता. निदान तो आपलाच आहे, असं ती मनाला बजावत होती. तिने तक्ते एकेक करून तपासले. एकावरही ओरखडा नव्हता. चौदाच्या आकड्याखाली तिने तळवा टेकवला. तक्ता आतून हलकेच दबल्यासारखा वाटला… जणू पलीकडूनही कोणी तळवा टेकवला होता.

तिने हात काढला नाही.

"कोणी फोडणार नाही," ती पुटपुटली. "न मोडता, अख्खे काढून नेऊ. मी स्वतः उभी राहीन."

मागे पाऊल वाजलं. दारात प्रज्योत होता. तिचा निरोप वाचून बंदरातून तसाच निघून आलेला, बुटांसकट, उघड्या तोंडाने थेट आत.

"तू बाहेर हो आधी!" ती ओरडली. "मास्क कुठाय तुझा?"

तो निमूट बाहेर गेला. ती आली तेव्हा विहिरीच्या कठड्याला टेकून उभा होता.

"काय म्हणालात मघाशी?"

"मास्क कुठाय म्हणाले."

"त्याच्या आधी."

हेमाली मास्क काढून पिशवीत बांधू लागली. गाठ तिला बसत नव्हती. त्याने ते पाहिलं, आणि चेष्टा तिथेच सोडून तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दिवाळीला दहा दिवस असताना या कामाचं प्रशिक्षण घेतलेल्या लोकांची टोळी आली. पांढरे झगे, तोंडाला जाड मास्क, सतत पाण्याचा फवारा. एकेक तक्ता अख्खा सोडवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, घातक कचऱ्याच्या जागी न्यायच्या गाडीत चढवला गेला. बोलल्याप्रमाणे हेमाली शेवटपर्यंत आत उभी राहिली. शेवटचा होता तो चौदाचा तक्ता. तो उलटला तेव्हा मागच्या बाजूला बावीस वर्षांची दाट धूळ होती, आणि धुळीत माणसाच्या उंचीवर एक तळवा उमटलेला. पाचही बोटं स्वच्छ.

"लावताना लागला असेल हात," टोळीचा मुकादम म्हणाला आणि त्याने ओल्या फडक्याने तो पुसून टाकला. नियमच होता तसा. लावताना लागला असता तर त्याच्यावरही धूळ बसली असती, हे हेमालीने त्याला सांगितलं नाही.

संध्याकाळी ती आणि प्रज्योत समुद्रावर गेले. सुरूच्या झाडांत वारा होता, दूर बोटींमागच्या पॅराशूटला लटकून ओरडणारे पर्यटक होते. तिला वाटलं, त्या तळव्याचं सांगितलं तर हा हसेल. हसला तर आपल्याला फार लागेल, इतकं का लागावं तेही तिला कळलं. मग तिने सगळं सांगितलं.

तो हसला नाही.

"कुठला हात होता?"

"डावा."

"बाबा डावखुरे होते," तो म्हणाला. "आईला सांगायला हवं. आपण दोघं मिळून सांगूया."

"दोघं?"

"हो. आणि… तेव्हाच दुसरं एक सांगेन म्हणतो तिला. तुझी हरकत नसेल तर."

लाट येऊन दोघांच्या पायांवरून गेली. पायाखालची वाळू सरकली तसं हेमालीने त्याचं मनगट धरलं, आणि लाट परतल्यावरही सोडलं नाही.

"सांग," ती म्हणाली. "पण ते दुसरं आधी सांग. तक्ते गाडीत चढताना तिचं आज बरंच रडून झालंय."