रेघ नसलेला नी

गुरवबाईंना जाऊन बारा दिवस झाले होते. चंद्रावरच्या मृगांक वसाहतीत पेटी शिकवणाऱ्या त्या एकट्याच. पृथ्वीवरून येताना माणशी पंधरा किलो सामान आणता येई. बाईंनी कपडे मागे ठेवले आणि पेटी आणली. आज संध्याकाळी त्यांची शोकसभा होती. आजारपणात त्यांनी वहीत लिहिलेली शेवटची धून त्यांची अकरा वर्षांची विद्यार्थिनी चैत्राली तिथे वाजवणार होती.

पण धून काही केल्या जमेना. बोटं बरोबर पडत होती, प्रत्येक ओळ शेवटी वरच्या 'सा'वर येत होती, तरी घरी पोचल्यासारखं वाटत नव्हतं.

तिचे आजोबा नादशास्त्रज्ञ (आवाजाचा अभ्यास करणारे) होते. त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "ग आणि ध यांच्याखाली शाईची रेघ आहे, म्हणजे ते कोमल, नेहमीपेक्षा एक पट्टी खालचे. पण नीखालची रेघ पेन्सिलची दिसते. ही कुणी मारली?"

"मी," चैत्राली म्हणाली. "टिपणीस म्हणाला, बाई विसरल्या असतील."

टिपणीस हा घरातला यंत्रमानव. सगळं टिपून ठेवी, म्हणून हे नाव. तो शांतपणे म्हणाला, "ग, ध आणि नी हे तिन्ही कोमल असलेल्या धुनी माझ्या संग्रहात फार आहेत. शिवाय बाईंची स्मृती क्षीण झाली होती."

"माझं नावही विसरायच्या त्या," चैत्राली खाली बघत म्हणाली. शेवटचा आठवडाभर ती बाईंकडे गेलीच नव्हती. आपल्याला ओळखतच नाहीत तर जाऊन काय करायचं, असं तिला वाटलं होतं.

आजोबा तिच्यावर रागावले नाहीत. त्यांनी बाईंची पेटी पुढे ओढली. "सप्तक म्हणजे 'सा'पासून वरच्या 'सा'पर्यंतचा जिना. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या धरून त्याला बारा सारख्या पायऱ्या. आता कोमल नीपासून वरचा सा किती पायऱ्यांवर?"

"दोन."

"आणि शुद्ध, म्हणजे रेघ नसलेल्या नीपासून?"

"एकच."

आजोबांनी सगळे स्वर चढत नेले आणि कोमल नीवर थांबले. चैत्राली स्वस्थ बसून राहिली. मग ते पुन्हा पहिल्यापासून चढले, पण या वेळी शुद्ध नीवर थांबले. एक क्षण गेला, दुसरा गेला, आणि चैत्रालीच्या तोंडून आपसूक 'सा' निघाला.

"बघ, तुला राहवलं नाही. इतक्या जवळ आलेला स्वर कानाला 'सा'कडे ओढतो. कोमल नीच्या धुनीही सुंदर असतात, पण त्यांत ही ओढ कमी. आता कोमल धपासून शुद्ध नीपर्यंत मोज."

तिने पट्ट्या मोजल्या. "तीन. एवढी मोठी ढांग?"

"हो. ग आणि ध कोमल, नी मात्र शुद्ध. मधल्या त्या ढांगेतच या सुरावटीची व्याकुळता आहे. आपल्याकडे किरवाणी रागात हेच स्वर लागतात. पाश्चात्त्य संगीतात याला हार्मोनिक मायनर म्हणतात. तिथे अनेक स्वर एकदम वाजवतात (त्याला हार्मनी म्हणतात), आणि त्या मेळालाही 'सा'कडे परतायला शुद्ध नीच लागतो."

चैत्रालीने वही पुन्हा चाळली. बाईंच्या रेघा वेड्यावाकड्या होत्या. तरी एकाही ग किंवा धखालची रेघ सुटली नव्हती. आणि सत्तावीस नींपैकी एकाहीखाली बाईंनी शाई लावली नव्हती.

"त्या विसरल्या नव्हत्या," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळलं. आजोबांनी तिला रडू दिलं.

"मी मोजलं, पण ऐकलं नाही," टिपणीस म्हणाला. "नोंद दुरुस्त करतो."

चैत्रालीने सत्तावीस रेघा एकेक करून खोडल्या.

संध्याकाळी सभागृहात ती पेटीशी बसली. "ही धून बाईंनी आजारपणात लिहिली," ती म्हणाली. "यातला एकही स्वर चुकलेला नाही." मग तिने भाता हलवला. प्रत्येक ओळ ती मोठी ढांग टाकून नीवर आली आणि तिथून 'सा'वर टेकली.

सभा संपल्यावर पाच-सहा वर्षांची एक मुलगी पेटीजवळ येऊन उभी राहिली. आता शिकवणार कोण, असं तिने विचारलं.

चैत्रालीने सरकून तिला शेजारी जागा करून दिली. "उद्या चार वाजता ये," ती म्हणाली.