घरापर्यंत सोडतो

जाहिरातीत ती गाडी वाळूच्या टेकड्या उधळत जायची. यादवराव पगारांनी घेतल्यापासून मात्र तिनं इंदिरानगरच्या सोसायटीतले स्पीडब्रेकर सोडले तर काही ओलांडलं नव्हतं. गाडी उंच, टायर मोठे, आणि ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना. शेवटची गोष्ट शोरूमवाल्यानं जरा हळू आवाजात सांगितली होती.

सटाण्याचं लग्न आटोपून दोघं नाशिकला निघाले होते. तृप्तीताई मागच्या सीटवर आडवा पाय पसरून बसल्या होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं; पाय दुमडतच नव्हता. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज दाबून बघायची आणि शेजारी टीव्हीचा आवाज वाढवायचे.

गिरणेच्या पुलावर कांद्याचा ट्रक आडवा झाला होता. फोनच्या नकाशात मात्र कोरड्या पात्रातून एक पांढरी रेघ पलीकडे जात होती.

"जाईल?" तृप्तीताईंनी विचारलं.

"याच्यासाठीच तर घेतलीय."

"अहो, तुम्ही तर रंग बघून घेतली होती."

पात्राच्या मधोमध गाडी बसली. यादवराव जितका जोर देत, तितकी पुढची चाकं वाळू उपसून खाली जात. आभाळ राखेसारखं. वारा पडलेला. चहूकडे वाळूवाल्यांनी उकरलेले खड्डे, तळाशी हिरवट पाणी.

काठावर गुरं घेऊन आलेले सावळीराम म्हणून एक म्हातारे तिथूनच ओरडले, "सायेब, वरून धरणाचं पाणी सोडेल शे! सांजपर्यंत हितं कमरेइतकं येईल!"

"अहो, मिसेसना चालता येत नाही!"

"थांबा, ट्रॅक्टर आणतो. त्या खड्ड्यांकडं नका जाऊ! मागं कडा ढासळली तव्हा मजूर आत राह्यले. परगावचे व्हते. कोनी इचारायलाबी नाय आलं."

म्हातारे गेले ते गेलेच.

यादवरावांनी फोनवर पाहिलं होतं तसं केलं. टायरमधली हवा सोडली, पायाखालचे मॅट चाकांखाली घातले. चाकांनी मॅट मागे भिरकावले. मग त्यांनी तृप्तीताईंना खांद्याचा आधार देऊन उतरवलं. चार पावलांत दोघंही वाळूत बसले. त्यांनी बायकोला परत गाडीत ठेवलं.

वरच्या अंगाची वाळू काळी पडत चालली होती. पाणी अजून दिसत नव्हतं. खालून येत होतं.

"ट्रॅक्टर येतोय ना हो?" तृप्तीताईंचा आवाज बारीक झाला होता.

यादवरावांकडे आता फक्त कुजकेपणा उरला होता. सोसायटीच्या मीटिंगला कोणी फिरकलं नाही की काढायचे, तोच सूर लावून ते रिकाम्या पात्राला म्हणाले, "या रे बाबांनो. धक्का मारा कोणीतरी. घरापर्यंत सोडतो."

आणि आत बसून हळूच ॲक्सिलरेटर दाबला.

गाडी हलली. हिसका नाही. पुष्कळ खांदे एकदम लागावेत तशी, सावकाश.

आरशात नुसती वाळू होती.

पलीकडच्या कडक मातीवर यादवरावांनी श्वास घ्यायला ब्रेक लावला. मागून गाडी थोडी खाली बसली.

मग आणखी थोडी.

मग आणखी.

दार उघडल्याचा आवाज आला नव्हता.

"सुटलो एकदाचे," यादवराव पुढे बघतच म्हणाले. चढावर गाडी धापा टाकत होती. त्यांनी एसी बंद केला, तरी आत गारवा होता. ओल्या मातीचा वास येत होता.

देवळ्याच्या नाक्यावर टायरवाला नळी घेऊन मागच्या चाकाशी उकिडवा बसला आणि लगेच उठला.

"काका, मागच्यांना उतरवा ना आधी. एवढ्या लोडवर हवा कशी भरू?"

"मागे एकट्या मिसेस आहेत."

"टायर बघा की." तो काचेतून आत बघायला वाकला आणि नळी तिथंच टाकून दुकानात गेला.

यादवरावांनी मागचं दार उघडलं.

काळी-पिवळीत तिघांच्या जागी सहा कोंबल्यावर बसतात, तशा तृप्तीताई अंग चोरून खिडकीला चिकटल्या होत्या. ऑपरेशनचा पाय दुमडून छातीशी घेतलेला. उरलेली सीट ओली होती आणि दबलेली होती.

"घर आलं का, विचारतायत," त्या हळूच म्हणाल्या. "काय सांगू?"