दुपारी एकला येणारी माणसं

राजनंदिनीने त्याला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो तिच्या घोंगडीचा वास घेत होता.

होम मैदानावर बचतगटांचं प्रदर्शन भरलं होतं. बाकीची माणसं “टोचते का हो?” एवढं विचारून पुढे सरकत. हा मात्र थांबला. त्याने घोंगडी उलटी केली, काठाचा धागा नखाने ओढून पाहिला, डोळे मिटून हुंगली आणि विचारलं, “खळ चिंचोक्याचीच का?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“न्हाय... सहज,” तो हसला.

हसू चांगलं होतं, हे तिने नाइलाजाने मान्य केलं. पण तेवढ्यात गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. नाव मल्लिनाथ, नोकरी चिंचोळी एमआयडीसीतल्या ब्लँकेटच्या कारखान्यात. विकत तर काही घेतलं नाहीच, उलट तिच्या नव्या वेबसाइटच्या पाटीचा फोटो काढून गेला. इतकं गोड हसणारा माणूस फुकट हसत नसतो, असं राजनंदिनीचं ठाम मत होतं.

ती वेबसाइट म्हणजे तिचा जीव की प्राण. सांगोल्याजवळच्या गावात वडील बाळासो मागावर घोंगड्या विणत, आई मायाक्का लोकर कातत असे. सोलापुरात नोकरी करणाऱ्या लेकीने सगळे रविवार घालवून वेबसाइट उभी केली, आणि दोन महिन्यांत तिकडे फिरकलं कोण? ती स्वतः, तिची खोलीवरची मैत्रीण आणि वाट चुकलेले दोघं-तिघं. बाळासोंनी निक्षून सांगितलं होतं, “बिरोबाच्या जत्रंपतूर त्या फोनातनं एक तरी गिऱ्हाईक येऊ दे. न्हाय आलं तर माग मोडतो आन् डाळिंबाच्या बागंत कामाला जातो.”

जत्रेला तीन आठवडे उरले होते.

प्रदर्शनानंतर तिसऱ्या दिवशी वेबसाइटवर येणाऱ्यांचा आकडा चाळीस झाला. मग साठ... मग नव्वद! राजनंदिनीने मैत्रिणीला मिठीच मारली. पण बारकाईने पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. सगळे सोलापुरातलेच. जवळजवळ सगळे दुपारी एक ते दीडमध्ये. घोंगड्यांच्या फोटोंकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. सगळे एकाच पानावर — जिथे चिंचोक्याची खळ कशी शिजवायची, धाग्याला कशी लावायची, हे तिने भोळेपणाने इत्थंभूत लिहिलं होतं. खाली मायाक्का कातताना म्हणते त्या बिरोबाच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग होतं, पण ते सोडा. एक वाजता कारखान्यांना जेवणाची सुट्टी होते, हे अख्ख्या सोलापूरला ठाऊक आहे.

म्हणजे त्या हसऱ्याने सगळा कारखाना कामाला लावला होता तर! आज खळ चोरतील, उद्या यंत्रावर घोंगड्या काढतील. तिने ते पानच काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी आकडा शून्य. चोर पकडल्याचा आनंद तिला झाला, पण तो दोनच दिवस टिकला. शून्याकडे बघत बसण्यात कसली आलीय मजा?

पाचव्या दिवशी वेबसाइटवरच्या नंबरवर फोन आला. “ते पान उघडंना झालंय.”

आवाज तिने लगेच ओळखला, आणि ओळखला याचाच तिला राग आला. मग तिने काही हातचं राखलं नाही. चोर म्हणाली, हेर म्हणाली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“उद्या एकला गेटवर या,” तो शेवटी म्हणाला. “मी सांगून तुमाला पटायचं न्हाय. तुमीच बघा.”

ती गेली. जाताना मैत्रिणीला पत्ता, रिक्षाचा नंबर, सगळं कळवून गेली.

गेटबाहेर कडुनिंबाखाली माणसं डबे उघडून बसली होती. भाकरी, शेंगाची चटणी. बहुतेक सगळी सांगोला-मंगळवेढ्याकडची, मेंढरं विकून कारखान्याच्या कामाला आलेली. मल्लिनाथने ओळख करून देताच संगप्पा नावाचे एक वयस्कर गृहस्थ हात धुऊन पुढे आले.

“बाई, त्या ओव्या का काडल्यास? माजी आई अशाच म्हणायची. भाकरी खाताना आमी समदी ऐकायचो की.”

राजनंदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खळीचं एक अक्षरही कुणी वाचलं नव्हतं. तिने तिथेच पान परत चालू केलं आणि कडुनिंबाखाली मायाक्काचा आवाज घुमू लागला. एकाने घास तसाच हातात धरला होता.

ओव्या संपल्यावर संगप्पा म्हणाले, लेकीचं लग्न आहे, जावयाला बसायला घोंगडंच लागतं, आमच्या कारखान्याचं ब्लँकेट तिथे चालत नाही. पण हात लावून पाहिल्याशिवाय घेणार नाही! “आणते उद्या,” ती म्हणाली, आणि लगेच बाळासोंना फोन लावला. माग मोडू नका, एवढंच तिला बोलता आलं. पुढे रडूच आलं.

बसथांब्यापर्यंत मल्लिनाथ सोबत आला. पण संशयी जीव तो... एक शंका उरलीच होती.

“संगप्पा म्हणत होते, तुम्ही एकटे असतानाही ते रेकॉर्डिंग लावता. तुमच्याकडे मेंढरं होती?”

“न्हाय. आमी अक्कलकोटकडचे, घरात कन्नड. निम्म्या ओव्या मला कळत बी न्हाईत.”

“मग काय ऐकता?”

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, “ओव्या सुरू व्हायच्या आदी एक पोरगी म्हणती — ‘आये, म्हण की आता...’ मी तेवढंच ऐकतो. ते झालं की बंद करतो.”

रेकॉर्डिंगमधले तिचे ते शब्द कापून टाकायचे राहून गेले होते. राजनंदिनीचे कान तापले. छातीत काहीतरी लई गोड धडधडलं, आणि सवयीने तिने विचारलं, “खरं सांग. दिवसातनं कितींदा?”

“धा-बारा येळा. जास्तच.” मग हळूच म्हणाला, “तुला फोनवर दिसत आसंल की. बग हवं तर.”

बस आली. तिने हाताने खूण करून ती पुढे जाऊ दिली. मग फोन पर्सच्या तळाशी टाकून चेन लावली, आणि जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी म्हणणं न तपासता खरं धरलं.